शेळी काय बोलली

दिवसाउजेडी गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्या पोराचा मामा वाट चुकतो, असं आमच्या कुरुळीत सगळे मानत. का, ते कुणी विचारत नसे. दिवस कामाचा आणि गोष्ट रात्रीची. भर दुपारी पोरांनी ‘गोष्ट सांग’ म्हणून पदर ओढू नये, यासाठी कुणा शहाण्या बाईनं बिचाऱ्या मामाला वेठीला धरलं असणार, हे मला आता या वयात कळतं. तेव्हा मात्र मी मनापासून घाबरायची, कारण माझा मामा खरोखरच सदा रस्त्यावर असायचा. दामूमामा दापोडीला राहायचा आणि ट्रक चालवायचा. चाकणचा कांदा-बटाटा भरून घाट उतरून मुंबईला जायचा. आमच्या आळीतल्या इतर पोरींचे मामा फार तर बैलगाडी जुंपून बाजारापर्यंत जात. ते चुकून चुकणार किती? माझा मामा चुकला असता तर थेट समुद्रात गेला असता. त्यामुळे उजेड असताना कुणी ‘एक होता राजा’ म्हणालं, तरी मी कानांवर हात ठेवून पळत सुटायची.

गोष्टी सांगायची ती गोदाआत्या. आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, ती थोरली लेक. लग्न होऊन सासरी गेली, अंगावरची हळद नीट वाळली नाही तोवर नवरा गेला आणि ती परत आली. त्याच सुमाराला माझे थोरले चुलते आणि चुलती तापाच्या साथीत लागोपाठ गेले, मागं तान्हा सदादादा राहिला. कुणी कुणाला सांभाळलं हे सांगणं अवघड आहे. आत्यानं कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजून त्याला जगवला, एवढं आमच्या घरात सगळेच सांगत. पण तो नसता तर आत्या जगली असती का, हे कोणी बोलत नसे. रात्री जेवणं आटोपली की परसात चिमणी लावून ती बटाट्याचं बेणं कापायला बसायची. प्रत्येक डोळा बघून, डोळ्याला धक्का न लावता विळीवर फोड करायची, आणि हात चालू असताना तोंडही चालू. तिच्या गोष्टीला एकच अट होती. ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी सारखं ‘हं’ म्हणत राहायचं. हुंकार थांबला की गोष्टही तिथंच थांबायची, मग राक्षसाचा हात राजकन्येच्या वेणीपाशी पोचलेला असला तरी. ‘ऐकणारं झोपलं तर मी काय विळीला सांगू?’ म्हणायची. आम्ही पाळीपाळीनं एकमेकांना चिमटे काढून हुंकार चालू ठेवत असू.

तर सदादादाचं लग्न ठरलं. मुलगी श्रीगोंद्याच्याही पुढच्या गावची. एवढ्या लांबची सोयरीक आमच्या घरात पहिलीच, आणि लग्न मुलीच्या दारात, गोरज मुहूर्तावर. बैलगाड्यांनी जायचं तर दोन मुक्काम पडले असते. मामानं मालकाला विचारून ट्रक आणायचं कबूल केलं आणि माझ्या आईचा पाय जमिनीवर ठरेना. माझी आई वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं ती तशी वाटेल. तिला आम्ही तिघी मुलीच. सदादादाची आई नाही, म्हणजे चुलती या नात्यानं वरमाईचा मान हिचा. आणि जन्मात वरमाई व्हायची ही एकच वेळ. ट्रक तिच्या भावाचा, मान तिचा. त्या महिन्यात ती शेवया वळतानासुद्धा मान ताठ ठेवून वळायची.

प्रश्न होता आत्याचा. त्या काळी विधवा बाईला वऱ्हाडात कोण नेतो? घर राखायला कुणीतरी लागतंच, ते काम आपोआप तिच्याकडं आलं. कुणी तिला ‘तू राहा’ असं म्हटलंसुद्धा नाही. आळीतल्या भागूबाई तेवढ्या पापड लाटता लाटता म्हणाल्या, ‘गोदी हाय की घरला, मग काय काळजी?’ आणि सगळ्यांनी माना हलवल्या. आत्यानंही हलवली. पण त्या संध्याकाळी सदादादा ओसरीवर आबांपुढं उभा राहिला. हा माणूस एरवी भाकरी वाढायला सांगतानासुद्धा लाजायचा.

‘आबा, आत्या न्हाई तर मी बी न्हाई,’ तो म्हणाला.

‘म्हंजे? नवरदेवाबिगर वऱ्हाड न्यायचं व्हय रं?’

‘न्या की.’

आबांनी चिलीम संपेपर्यंत विचार केला आणि निवाडा दिला. आत्या येईल, पण अक्षता पडताना मांडवात यायची नाही. जानोशाच्या घरी, म्हणजे वऱ्हाडाला उतरायला जे घर देतील तिथं, ती बोचकी राखत बसेल. कुणाच्या तोंडाला तोंड नको. ‘चालंल का गं, गोदे?’ त्यांनी आत विचारलं. ‘चालंल,’ आत्या म्हणाली. मी तिच्याशेजारीच बसले होते. तिच्या हातातली शेवई तुटली, ती तिनं पुन्हा पिठात मळली आणि नव्यानं वळायला घेतली. मला तेव्हा फार राग आला होता. कुणाचा ते ठरवता आलं नाही, म्हणून मी धाकट्या बहिणीला मारलं.

आता दिवसभराचा प्रवास, ट्रकभर माणूस, त्यात तान्ही पोरं, म्हातारे आणि भाऊबंद. एवढ्यांचं मन रमवायचं कसं? आईनं त्याचाही बंदोबस्त केला होता. मामाचा एक दोस्त थेरगावला राहायचा, बाबू नावाचा. त्याच्याकडं फोनो होता, चावीचा, पितळी कर्ण्याचा. ‘वऱ्हाड वाजत-गाजत जाईल,’ आई दहा जणींना सांगून आली. ‘त्या जुन्यापान्या गोष्टी कुणाला पायजेत? आन् दिवसाची गोष्ट तर नकोच. माझा भाऊ गाडी हाकणार हाय.’ शेवटचं वाक्य आत्याच्या कानावर जाईल अशा बेतानं.

निघालो त्या पहाटेचं सगळ्यात ठळक काय आठवत असेल, तर कांद्याचा वास. मामानं ट्रक धुतला होता, वर पेंढा पसरला होता, त्यावर आमच्या गोधड्या; पण वर्षानुवर्षं कांदा वाहिलेल्या फळ्या त्या, वास काही सोडेनात. जसजसे दाटीवाटीनं बसत गेलो तसतसे सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. नव्या लुगड्यांतल्या बायका, फेटेवाले पुरुष, सगळे नाक ओढतायत. चाकणच्या चौकात मामानं गाडी हळू केली तेव्हा रस्त्याकडेच्या एका म्हातारीनं हात जोडून विचारलं, ‘कोण गेलं गं, बायांनो?’ भागूबाईंनी तिला जी उत्तरं दिली, ती इथं लिहिण्यासारखी नाहीत.

केबिनमध्ये मामा, आबा आणि बाशिंग सांभाळत सदादादा. मागं हौद्यात आम्ही. आत्याला सगळ्यात पुढच्या कोपऱ्यात, केबिनला पाठ टेकून बसवलं होतं, जाता-येता कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून. तिच्या डोक्यामागं केबिनची छोटी खिडकी होती. तिला काच नव्हती. या खिडकीनं पुढं काय घोटाळा केला ते येईलच.

चाकण सोडलं आणि बाबूनं फोनो काढला. मखमली टोपी घालून आला होता. त्यानं चावी दिली, तबकडी ठेवली, सुई टेकवली, आणि पहिल्याच खड्ड्याला गाणारी बाई एका ओळीवरून तिसऱ्या ओळीवर गेली. पुढच्या खड्ड्याला परत आली. शिक्रापूरचा रस्ता तेव्हा रस्ता कमी आणि खड्डे जास्त असा होता. बाबूनं फोनो मांडीवर घेतला, मग दोन जणांनी तो हातांवर तोलून धरला, मग चौघांनी. बाई उचकी लागल्यागत गातच राहिली. पोरं मात्र खूश. प्रत्येक उचकीला ती टाळ्या पिटायची. आई म्हणत होती, ‘पुढं रस्ता चांगला हाय, तिथं बगा कसं वाजतंय.’ पुढं रस्ता चांगला आला, पण तोवर वैशाखाचं ऊन चढलं होतं. तबकडीची एक कड हळूहळू वर आली, मग दुसरी, आणि बघता बघता ती निखाऱ्यावरच्या पापडागत आक्रसली. बाबूनं बाकीच्या तबकड्या आपल्या उपरण्यात गुंडाळल्या, वर स्वतः ओणवा झाला आणि उरलेला प्रवास अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा तसाच केला.

मग काय? उखाणे झाले. बायकांनी नवऱ्यांची नावं घेऊन घेऊन संपवली. भागूबाईंनी तर दोनदा घेतलं. दुसऱ्या खेपेला त्यांचा नवरा म्हणाला, ‘पुरे की, मी हितंच हाय.’ पुरुषांनी भजन धरलं, पण टाळ गाठोड्याच्या तळाशी गेले होते, आणि टाळाशिवाय आमच्या लोकांना सूर सापडत नाही. तेव्हा कुणाला तरी दुर्बुद्धी सुचली आणि हुमणं घालायला सुरुवात झाली, म्हणजे कोडी. आमच्या भावकीतल्या म्हादबाकाकांनी हुमण घातलं: ‘दोघा भावांच्या मधी पडलाय, उठवला तर घर मोडतंय. सांगा काय?’ उत्तर होतं नाक, दोन डोळ्यांमधलं; ते वर चढलं की घर मोडतं. पण केरबाकाका ताडकन म्हणाले, ‘बांध! आन् तू तो उठवलायस! हातभर माझ्या वावरात आलायस!’ त्या दोघांचं बांधावरून किती वर्षांचं वैर होतं ते सगळ्या कुरुळीला ठाऊक होतं. लग्नापुरतं गप्प बसायचं आबांनी दोघांकडून वदवून घेतलं होतं. ते वचन शिक्रापूरच्या पुढं जेमतेम टिकलं. दोघं हलत्या ट्रकमध्ये उभे राहिले, एकमेकांच्या फेट्याला हात घालायला जाऊन पोरांच्या अंगावर पडले. पोरं रडायला लागली. एकाला उलटी झाली, ती नेमकी भागूबाईंच्या जरीकाठावर. ‘गाडी थांबवा, मी उतरतो,’ म्हादबाकाका ओरडत होते. ‘तो उतरत असंल तर मी बी उतरतो,’ केरबाकाका म्हणत होते. उतरून दोघं काय करणार होते, परत बांधावर जाणार होते का, देव जाणे. पण घरचे भाऊबंद वाटेत उतरून गेले, ही बातमी मुलीकडं गेली असती तर लग्न लागायच्या आधीच नाचक्की.

आबांनी केबिनच्या खिडकीतून तोंड मागं केलं. ‘गोदे,’ ते म्हणाले, ‘सांग कायतरी.’

‘दिवसाची, आबा?’ आईच आधी बोलली. ‘दामू गाडी हाकतोय. माझा येकुलता येक भाऊ हाय.’

‘मग?’ आबा म्हणाले. ‘ही सडक सरकारनं बांधलीया. नाकासमोर सरळ हाय. हिच्यावर आंधळा बैल बी चुकायचा न्हाई. सांग, गोदे.’

आत्यानं पदर सारखा केला. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती. ‘हुंकार कोण देणार?’ तिनं विचारलं. पोरं एका दमात ‘आमी!’ म्हणाली आणि तिनं सुरुवात केली.

ती गोष्ट मी आधी कधी ऐकली नव्हती. एका धनगराच्या पोरीचं लग्न होतं आणि त्याच दिवशी नवरा मीठ आणायला म्हणून जातो, तो परत येतच नाही. पोर त्याला हुडकायला निघते. बरोबर एक म्हातारी शेळी. ही शेळी साधी नाही. तिला एका गोसाव्यानं वाचा दिलीय, पण ती जन्मात एकदाच बोलेल, आणि जे बोलेल ते खरं असेल. पोर ठरवते, नवरा सापडेपर्यंत शेळीला बोलायला लावायचं नाही. मग वाटेत नदी येते. पूर कधी उतरेल ते शेळीला विचारावं का? नको. पोर तशीच पाण्यात शिरते. चोर भेटतात, मायाळू बोलणारी सावकारीण भेटते, ही खरं बोलते की खोटं, शेळीला विचारावं का? नको. दर वेळी शेळी तोंड उघडायला जाते आणि पोर तिच्या तोंडावर हात ठेवते, ‘आत्ता नको गं बाय, जपून ठेव.’ आत्या नुसती सांगत नव्हती. ती पूर झाली, चोर झाली, सावकारीण झाली. शेळी तर अशी झाली की बाबूसुद्धा उपरण्यावरून डोकं उचलून बघायला लागला. म्हादबाकाका आणि केरबाकाका एकाच गोधडीवर टेकून बसले, गुडघ्याला गुडघा लागलाय याचं भान दोघांनाही नव्हतं. माझी आई तोंडाला पदर लावून, डोळे एवढाले करून ऐकत होती.

पोरं मात्र एकेक करून पेंगली. मोठी माणसं इतकी रंगली की हुंकार द्यायचं विसरली. तरी गोष्ट थांबली नाही, कारण प्रत्येक वाक्यामागून ‘हं’ येत होता, खणखणीत. ‘हं... मग?’ ‘हं... अगागा!’ मी नीट कान दिला. तो आवाज खिडकीतून येत होता. हुंकार मामा देत होता. एक हात चाकावर, आणि कान खिडकीला लावायचा म्हणून मान पार मागं वळवलेली. आम्ही शिरूर कधी ओलांडलं, घोडनदीचा पूल कधी गेला, कुणालाच कळलं नाही.

पोर सातव्या गावच्या सातव्या घरापाशी पोचली. दार बंद. शेळी दारातच अडून बसली, हलेना. पोर म्हणाली, ‘बाय माझी, आता बोल. माझा नवरा आत हाय का न्हाई?’ आत्या थांबली. सगळा ट्रक थांबला, म्हणजे श्वास घ्यायचा. शेळीनं मान वर केली, तोंड उघडलं, आणि म्हणाली—

करकचून ब्रेक लागला आणि आम्ही सगळे आत्याच्या अंगावर जाऊन पडलो. समोर म्हशींचा कळप आडवा आला होता. मामानं म्हशीवाल्याला हाक मारली, ‘ओ पाव्हणं, श्रीगोंद्याचा फाटा अजून किती लांब हाय?’

‘फाटा?’ म्हशीवाला म्हणाला. ‘तो कवाच मागं ऱ्हायला, राव. हे सुपं आलं. पुढं नगर.’

त्यानंतर जे झालं त्याला गोंधळ म्हणणं कमीच आहे. आई हौद्यात उभी राहिली. भीती आणि विजय दोन्ही तिच्या तोंडावर एकदम होते. ‘म्हटलं हुतं का न्हाई मी? म्हटलं हुतं का? चुकला का न्हाई मामा?’ मामा खाली उतरून कपाळाचा घाम पुसत होता. ‘ताई, उगा गावभर करू नगंस. फाटा हुता, पर त्याच टायमाला त्या चोरांनी शेळी धरली...’ सूर्य कलायला लागला होता. आणि मग भागूबाई, पदराची उलटी धुता धुता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘तरी मी म्हनत हुते. असलं माणूस शुभकार्याला संगट आणलं की असंच व्हायचं.’

कुणीच काही बोललं नाही. माझे वडीलही नाहीत, आईही नाही. आत्यानं पदर कपाळाखाली ओढला आणि कोपऱ्यात सरकून बसली. सदादादा केबिनमधून उतरून मागं आला होता. बाशिंग हातात, तोंड लालबुंद. त्याला भागूबाईंना काहीतरी बोलायचं होतं, पण त्याची जीभ नेहमीसारखीच आयत्या वेळी अडकली. आत्या त्याला म्हणाली, ‘जा, बस जाऊन. मुहूर्त जाईल.’

ट्रक वळवला. आता सगळे गप्प. मी मागं एकदा नातवाच्या गाडीतून याच रस्त्यानं गेले. गाडीत पाच जण आणि प्रत्येकाच्या कानात आपापलं गाणं, तेव्हाही अशीच शांतता होती, पण ती सुखाची. त्या दिवशीची शांतता वेगळी. प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न होता आणि विचारायचं तोंड कुणालाच नव्हतं. अखेर फाटा आला, मामानं गाडी वळवली, आणि वळताच पुन्हा थांबवली.

‘गोदाक्का,’ तो खिडकीतून अगदी नरम आवाजात म्हणाला, ‘शेळी काय बोलली, तेवढं सांगून टाका.’

‘नगं, दामूभाऊ. दिवसाची गोष्ट नगं. बगितलंत ना?’

‘न्हाई सांगितली तर माझं ध्यान लागायचं न्हाई. परत चुकीन.’

‘दिवस मावळला की सांगते.’

‘तवा तर आपण मांडवात असू,’ केरबाकाका म्हणाले.

‘तुमी असाल,’ आत्या म्हणाली. ‘मी जानोशात. मी बोचक्यांना सांगीन.’

तिनं हे भांडून म्हटलं नाही, रडूनही नाही. जसं ठरलंय तसं सांगितलं. पण ट्रकमध्ये चुळबुळ सुरू झाली. म्हादबाकाकांनी केरबाकाकांकडं पाहिलं. इतक्या वर्षांत त्या दोघांचं कशावर एकमत झालं असेल तर ते यावर. ‘आबा,’ म्हादबाकाका खिडकीशी जाऊन म्हणाले, ‘मांडवात एका खांबाआड बसली गोदी, तर काय आभाळ पडतंय व्हय?’ ‘जानोशाला कुलूप लावू की,’ केरबाकाका म्हणाले. बाबू म्हणाला, ‘मी राखतो बोचकी, फोनो बी राखायचाच हाय,’ आणि लगेच घाईनं, ‘पर शेळीचं मला कुणीतरी येऊन सांगा.’ भागूबाई तोंड फिरवून बसल्या होत्या, पण कान इकडंच होता. आबांनी आधी पुढच्या रस्त्याकडं बघितलं. मग म्हणाले, ‘मागं बसंल. आन् दाम्या, आता मान सरळ.’ आईनं होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

गाव आलं तेव्हा गुरं घरी परतत होती. मुलीकडची माणसं वेशीत उभी होती, अर्धी काळजीत, अर्धी रागात. आम्ही उतरलो, लाल डोळ्यांनी आणि कांद्याच्या वासानं, आणि जानोशाला पाणीसुद्धा न पिता थेट मांडवात घुसलो. मंगलाष्टकं झाली. मी अक्षता टाकत होते ती सगळी मान मागं वळवून. शेवटच्या खांबाआड आत्या उभी होती. मूठ भरलेली, पण हात वर जाईना. शेवटच्या ‘सावधान’ला तिनं टाकल्या, जोर लावून, आणि त्या पोचल्या फक्त पुढच्या माणसाच्या फेट्यापर्यंत.

बत्त्या लागल्या आणि पहिली पंगत बसली. लापशीचा घास हातात घेऊन म्हादबाकाका म्हणाले, ‘गोदे, आता दिवस मावळला.’ मामा तर पान सोडून तिच्याजवळच येऊन बसला होता. मुलीकडचे वाढपीही थबकले. त्यांना काहीच माहीत नव्हतं, पण एवढे लोक गप्प झालेत म्हणजे काहीतरी असणार.

‘शेळीनं तोंड उघडलं,’ आत्या म्हणाली.

‘हं,’ मामा म्हणाला.

‘आन् म्हणाली, मला तहान लागलीया.’

क्षणभर कुणालाच समजलं नाही. मग केरबाकाका असे हसले की त्यांना ठसका लागला आणि म्हादबाकाकांनी त्यांची पाठ थोपटली. सगळी पंगत खदखदली. मामा डोक्याला हात लावून म्हणाला, ‘एवढ्यासाठी मी सुपं बघून आलो?’ आत्याही हसत होती. पुढचं तिनं सांगितलं, की पोर मग शेळीसाठी पाणी मागायला म्हणून ते दार ठोठावते, आणि तांब्या घेऊन जो बाहेर येतो तोच तिचा नवरा असतो. पण ते हसण्याच्या गलक्यात निम्म्यांनी ऐकलंच नाही.

आईनं ऐकलं. ती हसली नव्हती. ‘एवढी नदी, एवढं ऊन,’ ती माझ्या कानाशी म्हणाली, ‘आन् त्या शेळीला कुणी इचारलंच न्हाई व्हय गं, तुला काय पायजे म्हणून?’ मी म्हटलं, ‘आई, गोष्ट हाय ती.’

मग विहिणीच्या पंगतीची वेळ झाली. पाट मांडला, भोवती रांगोळी, मुलीची आई परात आणि ऊन पाण्याचा तांब्या घेऊन खाली बसली. वरमाईचे पाय धुवायचे, ओटी भरायची, मग तिला मानानं जेवायला न्यायचं. हाच तो मान, ज्यासाठी माझी आई आठ दिवस वजरी घेऊन न्हाणीत टाचा घासत बसली होती. ती पाटापर्यंत गेली. थांबली. वळली आणि सरळ शेवटच्या खांबापाशी चालत गेली. आत्या तिथं उष्ट्या पत्रावळी गोळा करत होती. आईनं तिच्या हातातल्या पत्रावळी काढून माझ्या हातात कोंबल्या, मनगट धरलं, ओढत आणली आणि पाटावर बसवली.

‘वैनी, खुळ्या झालात का?’ आत्या उठायला लागली. आईनं खांदे दाबून धरले.

‘ह्यांचे धुवा,’ आई विहिणीला म्हणाली. ‘माझ्या टाचांना भेगा हाईत. पाणी झोंबंल.’

विहीणबाईंनी आईच्या टाचांकडं पाहिलं. त्या बत्तीच्या उजेडात चकाकत होत्या. मग त्यांनी पाटावरच्या बाईच्या कपाळाकडं पाहिलं, आणि तांब्या हातातच राहिला. भागूबाईंचं तोंड उघडलं, पण या खेपेला त्यातून काही निघालं नाही.

‘वरमाई... ह्या?’ विहीणबाईंनी विचारलं.

‘व्हय,’ आई म्हणाली. ‘पोर ह्यांनी वाढवलंय. मी नुसती लुगडं नेसून आलीया.’

आत्या खाली मान घालून बसली होती. पाय तिनं लुगड्याखाली ओढून घेतले होते. सदादादा नव्या नवरीच्या शेजारी उभा होता, उपरण्याची गाठ तिच्या पदराला, त्यामुळं त्याला पुढंही येता येईना आणि मागंही जाता येईना. सगळे आता पुरुषांच्या पंगतीकडं, आबांकडं बघत होते. आबांनी पानातला शेवटचा घास खाल्ला, मिशा पुसल्या आणि उगीच खाकरले.

‘विहीणबाई,’ ते म्हणाले, ‘पाणी निवतंय.’

आणि विहीणबाईंनी हात पुढं करून आत्याचा पाय परातीत घेतला.